पंख्याखालचं धोतर

चिक्कडपल्लीच्या इंदुमतीबाईंनी कपडे वाळवायला कधी वीज खर्चू दिली नाही, आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता. कपडे पिळायच्या ते असे, की थेंब पडायची बिशाद नव्हती. सोवळ्याचं धोतर काठीने उंच दांडीवर टाकायचं, कुणाचा हात लागू द्यायचा नाही, वाळवायचं ते वाऱ्याने. नवरा नरहरराव गणिताचे मास्तर. ते थट्टेने म्हणत, "वीजवाल्यांनी तुझा सत्कार करायला हवा."

चौऱ्याण्णवच्या भाद्रपदात तीन दिवस झड लागली. तिसऱ्या रात्रीही सोवळ्याचं धोतर ओलंच होतं, आणि सकाळी नरहररावांच्या वडिलांचं श्राद्ध होतं. दांडीखाली पंखा लावून नरहररावांनी बाईंना बजावलं, "सकाळपर्यंत चालू राहू दे." मग बैठकीतल्या आरामखुर्चीत त्यांनी डोळे मिटले. रिकाम्या खोलीत पंखा गरगरतोय, हे काही बाईंना बघवेना. त्यांनी हळूच बटण बंद केलं.

सकाळी धोतर ओलं ते ओलंच. बाई म्हणाल्या, "करंट गेला होता." "असं का," एवढंच म्हणून नरहरराव तसेच दोन तास श्राद्धाला बसले. ताप भरला, छातीत कफ झाला, आणि बाराव्या दिवशी ते गेले. ओल्याने का बसले, असं जो तो विचारी. बाई सांगत, "त्यांचा हट्ट."

तेव्हापासून पावसात दांडीवर काही टाकलं की त्यांना खाली नरहरराव दिसत. ओल्या धोतरात, काकडत, तक्रार न करता बसलेले. बाई मान वळवीत, तरी ते तिथेच असत. कुणापाशी बोलायची सोय नव्हती.

सात वर्षांनी मुलगा पराग सॉफ्टवेअरच्या पगारावर कपडे वाळवायचं मशीन घेऊन आला. सून शिल्पा खूश झाली. बाईंनी मात्र त्याला हात लावला नाही. ते फिरू लागलं की त्या उठून गच्चीवर जात.

पितृपक्षात नरहररावांच्या श्राद्धाच्या दिवशी पुन्हा पाऊस होता. परागचं धोतर दांडीवर दमट. शिल्पा म्हणाली, "मशीनमध्ये टाकू का?"

"नक्को, सोवळ्याचं आहे. ओलंच नेसतो," पराग हसून म्हणाला. "मी पण बाबांसारखाच हट्टी."

बाईंनी काठी न घेता, हातानेच धोतर ओढून काढलं आणि मशीनमध्ये कोंबलं.

"आई, सोवळं मोडलं की," शिल्पा म्हणाली.

"मोडू दे. त्यांचा हट्ट नव्हता रे पराग. पंखा मी बंद केला होता. करंट गेला म्हणून त्यांना खोटं सांगितलं."

परागने मशीनचं दार लावलं. मग म्हणाला, "माहितीये, आई. बाबांनी दवाखान्यात सांगितलं होतं. बटणाचा आवाज ऐकला होता त्यांनी. म्हणाले, कुणी विचारलं तर माझा हट्ट होता म्हण."

बाई दांडीखाली जाऊन बसल्या. इतकी वर्षं त्यांनी एकाच गोष्टीवर दिवस काढले होते, की बटण बंद केलं तेव्हा ते झोपलेले होते, त्यांना काही कळलंच नव्हतं.