कपाळापुरता आरसा

माझ्या फणी-करंड्याच्या पेटीत पितळी चौकटीचा एक आरसा होता, तळहाताएवढा. कुंकू लावताना कपाळ दिसावं, एवढंच त्याचं काम. चार मुलांची आई झाले तरी मी त्यात हनुवटीखालचं काही पाहिलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे माहेरी शिकवून पाठवलं होतं. कमरेखालच्या अंगाचं नाव घ्यायचं नाही हे मात्र शिकवावंच लागलं नाही, कारण ते नाव आमच्यापैकी कुणाला ठाऊकच नव्हतं. छातीच्या खाली आणि गुडघ्यांच्या वर जे काही दुखेल ते पोट. कल्याणच्या आमच्या घरात सगळ्या बायका पोटानंच आजारी पडायच्या.

वन्संचंही पोटच दुखायला लागलं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. तिशी उलटलेली, कधीच विधवा होऊन माहेरी परतलेली. डोक्यावरून लाल आलवण घेऊन पहाटेपासून सोवळ्यात राबायचं आणि आरशाला हात लावायचा नाही, हे त्यांचं आयुष्य. हसऱ्या होत्या, याचं मला अजून नवल वाटतं. त्या आठवड्यात पाटावर बसायला सांगितलं की एका अंगावर कलायच्या, चालताना पाय फाकवायच्या. मग ताप भरला आणि एकदा मागच्या दारी ओकल्या.

"कुठे दुखतंय?" सासूबाईंनी विचारलं.

"पोटात," वन्सं म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

विधवेचं पोट दुखतं, वर ओकारी. सासूबाईंच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं. असल्या संशयावरून शेजारच्या आळीतली एक बाई नाशकाला देवाच्या दारी नेऊन सोडली होती आणि घरच्यांनी परतल्यावर अंघोळ केली होती, ती मेल्यासारखी. आमच्याकडे निराळं काही झालं नसतं.

तेव्हा मुंबईची एक पारशी डॉक्टरीणबाई ठाण्याला तळ्याजवळच्या एका बंगल्यात बायकांना तपासायला येत असे. पोटाचं औषध आणते, असं मामंजींना सांगून सासूबाई वन्संना घेऊन निघाल्या. सोबतीला मी. आगगाडीत सासूबाई वन्संच्या शेजारी बसल्या नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी वन्संना झोपवलं, पाहिलं आणि चिडून आम्हा दोघींना जवळ बोलावलं. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. मी गेले.

"हे पोट आहे?" बाई मला म्हणाल्या. "नीट बघ. तुझंही असंच आहे."

गळू होतं. एका बाजूला, लिंबाएवढं, लालबुंद. बाईंनी बोटानं एकेक जागा दाखवत सांगितलं. हे बाहेरचे ओठ, हे आतले. वर जिथे ते मिळतात तिथे हा बारीक कण, सगळ्यात जास्त कळतं ते इथे. त्याखाली लघवीची वाट, तिच्याखाली मूल येण्याची वाट, दोन्ही वेगळ्या. आतल्या ओठांच्या मुळाशी दोन्ही अंगांना एकेक बारीक ग्रंथी, अंग ओलं ठेवणारी. तिचं तोंड बुजलं की आत पू धरतो. तसंच झालं होतं. गर्भाचा काही संबंध नाही.

मी चार मुलं जन्माला घातली होती आणि त्या वाटा दोन असतात हे मला त्या दिवशी कळलं. लाज वाटायला हवी होती, पण मला राग आला. किती नेटकं होतं ते सगळं, प्रत्येक घडीला काही काम होतं, आणि आम्हाला कायम सांगण्यात आलं होतं की तिथे नुसता विटाळ आहे.

गळू फोडलं. वन्संनी माझा हात धरला होता. मलम देऊन बाईंनी बजावलं, रोज आरसा धरून जखम पाहायची, कडा आतून भरत येतायत ना ते बघायचं. घरी पोचल्यावर पारशिणीचा हात लागला म्हणून सासूबाईंनी त्या ताज्या जखमेनिशी वन्संना डोक्यावरून गार पाण्यानं न्हाऊ घातलं.

"काय निघालं?" मामंजींनी ओसरीवरून विचारलं.

"पोटाचंच होतं," सासूबाई म्हणाल्या. "आता बरं आहे."

खरं ठाऊक असलेली ही बाई, पोटच्या मुलीसाठी एक शब्द तोंडातून काढू शकली नाही. मामंजींनी जे समजायचं ते समजून घेतलं, लेकीचं पोट पाडून आणलंय.

मी माझा आरसा वन्संना दिला होता. त्या तो उशाच्या वळकटीत ठेवत आणि दुपारी माजघराचं दार लावून जखम पाहत. मामंजींना तो तिथेच सापडला. सोवळ्या बाईच्या अंथरुणात आरसा. तो कशाला, याला खरं उत्तर एकच होतं आणि ते त्या ओसरीवर कुणी उच्चारलं नाही. हिला आता या घरात ठेवायची नाही, असं मामंजींनी सांगून टाकलं. सासूबाई देवघरात गेल्या.

त्या संध्याकाळी मी इकडे, म्हणजे नवऱ्याला, सगळं सांगितलं. गळू कुठे होतं तेही, बाईंनी शिकवलेल्या शब्दांत. इकडची स्वारी ठाण्याच्या कचेरीत नोकरीला. स्त्रीशिक्षणावर सभेत व्याख्यान द्यायची. माझं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"हे शब्द कुठे शिकलीस?"

"तुमच्या बहिणीला घालवून देतायत. मामंजींना एवढं सांगा."

"वडिलांपुढे मी हे बोलू?"

बहीण गेली तरी चालेल, बोलणं नको. तेव्हापासून त्या माणसाच्या व्याख्यानांना टाळ्या पडल्या की माझ्या कानशिलात कळ येते.

वन्संना नाशकाला पाठवायचं ठरलं. गडी गाडीत बोचकं ठेवत होता तेव्हा त्या परसात माझ्यापाशी आल्या. मला वाटलं रडतील.

"भरलं गं ते, वहिनी," त्या हळूच म्हणाल्या. "परवा पाहिलं मी. व्रणसुद्धा राहिला नाही. छान दिसतं की गं आपलं अंग. उगाच घाबरायचे मी."

आणि हसल्या. त्यांना जन्मात दुसऱ्या कुणी हे सांगितलं नव्हतं, आणि आता सांगायला कुणी उरणारही नव्हतं. नाशकाहून दुसऱ्या पावसाळ्यात त्या गेल्याचा निरोप आला. पटकीनं, असं म्हणाले. घरात पोटाचा आजार म्हणून सांगितलं गेलं.

माझा आरसा मामंजींनी विहिरीत टाकला होता. वर्षभरानं इकडून मुंबईहून नवा आणणं झालं. चांगला मोठा. माझं कुंकू हल्ली वाकडं लागतं, असं म्हणणं पडलं.