नाव झाकून

"वळखा," असं म्हणून कंट्रोलर कागदाच्या डोक्यावर तळहात ठेवायचे.

तळहाताखाली नाव असायचं, बाकीचा कागद उघडा. तो ते मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि मग ऐकणाऱ्याकडे अशा नजरेनं बघायचे, जणू परीक्षा त्याची आहे. परीक्षा खरं तर त्यांचीच असायची. ऐकणाऱ्यानं माणूस ओळखला तर मानपत्र पास. नाही ओळखला तर कागदाचे चार तुकडे होऊन माझ्या दुकानातल्या टोपलीत.

मानपत्र तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्याकडे माणूस निवृत्त झाला की त्याला शाल, नारळ आणि फ्रेममधलं मानपत्र मिळतं. शाल कपाटात जाते, नारळ दुसऱ्या दिवशी चटणीत जातो, मानपत्र तेवढं भिंतीवर राहतं. मग त्यातला माणूस आणि घरातला माणूस उरलेलं आयुष्य एकमेकांकडे अनोळखीपणानं बघत बसतात. नांदूरघाटात माझं लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि झेरॉक्सचं दुकान आहे. 'ज्ञानसूर्य' आणि 'कर्मयोगी' हे शब्द मी इतक्या वेळा टाइप केलेत, की आता मी दुसरीकडे बघत असलो तरी बोटं ते आपोआप उमटवतात.

कंट्रोलरनी लिहिलेली मानपत्रं मात्र वेगळी असायची. केजच्या एसटी स्टँडवर ह्यांनी तीसेक वर्षं गाड्या पुकारल्या. सगळे त्यांना कंट्रोलर म्हणत. घरातसुद्धा बायको हाक मारायची, "कंट्रोलर, जेवायला या." निवृत्तीनंतर पुकारायला गाड्या राहिल्या नाहीत, म्हणून ते माणसं पुकारायला लागले, असं मी म्हणायचो. त्यांना ते आवडायचं नाही. "मी कसला लेखक हो? जे दिसतंय ते सांगतो. गाडी कुठली, कुठून आली, कुठं चालली."

शाळेच्या शिपायासाठी त्यांनी लिहिलं होतं : 'यांनी घंटा कधीही मिनिटभर उशिरा दिली नाही. फक्त परीक्षेला शेवटची घंटा दोन मिनिटं उशिरा द्यायचे, आणि ती मुद्दाम.' सत्काराच्या मांडवात हे वाचलं गेलं तेव्हा त्या दोन मिनिटांवर पास झालेले निम्मे लोक समोर बसले होते. टाळ्या थांबेनात.

अशा माणसाला मी बिघडवलं. म्हणजे यंत्रानं बिघडवलं, पण यंत्र माझं होतं.

झालं असं, की एका वेबसाइटची लिंक फिरत फिरत माझ्या फोनवर आली. आपलं लिखाण त्यात टाकायचं, बटण दाबायचं, की आपली शैली कोणत्या नामवंत साहित्यिकाशी किती टक्के जुळते ते कळतं. मी असल्या गोष्टींना हसणारा माणूस. म्हणून दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून मी गुपचूप माझी एक जुनी कथा त्यात टाकली. एका दिवाळी अंकात छापून आलेली ती माझी एकुलती एक कथा. एकसष्ट टक्के. साहित्यिक कोण, तर ज्यांच्याविरुद्ध मी वीस वर्षं चहाच्या टपरीवर बोलत आलो ते. नाव सांगत नाही. त्यांच्या घरच्यांना वाईट वाटेल.

मग सूड म्हणून मी ग्रामपंचायतीची सूचना टाकली : 'उद्या पाणी येणार नाही. परवाचे सांगता येत नाही.' ती एका गूढ कवीशी चौऱ्याऐंशी टक्के जुळली. आता ह्या सूचनेत गूढ आहे, हे कुणालाही मान्य करावं लागेल.

मी हसत होतो तेवढ्यात शटरखालून वाकून कंट्रोलर आत आले. मी त्यांना जाळ्यात ओढलं. शिपायाचं मानपत्र माझ्याकडे होतंच, ते टाकलं. पडद्यावर गोल चक्र फिरलं आणि नाव आलं. दहावीच्या पुस्तकात ज्यांचा धडा होता आणि ज्या धड्यावरच्या प्रश्नांत आमचा अख्खा वर्ग आडवा झाला होता, ते साहित्यिक. बहात्तर टक्के.

कंट्रोलरनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला.

"हे म्हंजे ते?"

"तेच."

"त्यांच्यावानी लिव्हतो मी?"

"यंत्र म्हणतंय."

"यंत्र कावून खोटं बोलंल? त्याला माझ्याकडून काय पायजे?"

ह्याला माझ्याकडे उत्तर होतं. पण त्यांचा चेहरा असा झाला होता, की ते उत्तर मी गिळलं. खरं सांगायचं तर मलाही आतून उकळ्या फुटत होत्या. आमच्या चौकात, सिमेंटच्या दुकानाच्या आणि सलूनच्या मधे, बहात्तर टक्के साहित्यिक उभा होता. त्यांनी सबंध चौकाला चहा पाजला.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानात झेरॉक्स कमी आणि साहित्य जास्त व्हायला लागलं. सरपंचांनी आपलं झेंडावंदनाचं भाषण टाकायला लावलं. ते भाषण कंट्रोलरनीच लिहून दिलेलं, म्हणून सरपंचही बहात्तर टक्के निघाले. एकानं सासऱ्याला लिहिलेलं भांडणाचं पत्र टाकलं, त्यावर एका संतकवीचं नाव आलं. ते लॅमिनेट करून तो सासरवाडीला घेऊन गेला. "आता बोल म्हनावं मला," असं म्हणत गेला. पुढं काय झालं ते कळलं नाही, पण बायको नांदायला आली.

त्याच दिवसांत सिस्टरच्या सत्काराचं ठरलं.

गावाजवळच्या आरोग्य उपकेंद्रात ह्या सिस्टरनी नोकरी काढली. निवृत्त त्या हिवाळ्यातच झाल्या होत्या. पण तेव्हा अर्धं गाव ऊसतोडीला कारखान्यावर गेलेलं. "बाया नसताना माझा कसला सत्कार करता? खुर्च्यांचा?" असं त्यांनी कमिटीला झापलं. म्हणून टोळ्या परत यायची वाट बघितली. पाडवा झाला, ट्रॅक्टर परतले आणि तारीख पक्की झाली.

कंट्रोलरचेही गुडघे आता चालत नव्हते. मुलगा त्यांना पुण्याला न्यायला येणार होता, सत्काराच्या दुसऱ्याच आठवड्यात. त्यांची मुलगी ह्याच सिस्टरच्या हातावर जन्मलेली. खुर्चीत बसत ते मला म्हणाले, "प्रेसवाले, हे माझं शेवटचं. ह्यात कमी पडून चालनार न्हाई. हे शंभर टक्के झालं पायजे."

शंभर टक्के म्हणजे काय, हे मी विचारायला हवं होतं. मी संगणक सुरू केला.

पहिला मसुदा एकोणसत्तर टक्के आला. कंट्रोलर हबकले. "शिपाई बहात्तर आनि शिष्टर एकोनसत्तर? लोक काय म्हनतील?" मग आम्ही झटायला लागलो. वाक्य लांबवलं की टक्का चढतो, हा शोध त्यांचा. 'संधिप्रकाश' घातला की एकदम तीन चढतात, हा माझा. काय दिवस होते ते! सकाळी ते एखादा नवा शब्द खिशात घालून यायचे, दाराशीच ओरडायचे, "वटवृक्ष टाकून बघा!" आणि आम्ही दोघं त्या फिरणाऱ्या चक्राकडे निकालाला बसल्यासारखे बघत राहायचो. एक्क्याऐंशी झाले तेव्हा त्यांनी माझ्या पाठीत थाप मारली. अठ्ठ्याऐंशीला पेढे आणले. स्कुटीवरून वाड्यावस्त्या पालथ्या घालणाऱ्या आमच्या सिस्टर बघता बघता 'सेवेच्या नभांगणातील ध्रुवतारा' झाल्या. 'करुणेचा निर्झर' माझा. आयुष्यभर थाटामाटाला हसलो आणि निर्झर मीच दिला.

त्र्याण्णवला आम्ही थांबलो. चांगल्या जाड कागदावर छापलं, सोनेरी फ्रेम केली.

सत्काराच्या आदल्या दिवशी दुपारी टोळीवरून आलेली एक बाई आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आली. चाळिशीची असेल. कंट्रोलर बसलेच होते. त्यांनी फ्रेम मांडीवर घेतली, वरच्या काचेवर तळहात ठेवला.

"ताई, जरा आईक. वळख कोन ते."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. स्टँडवरचा आवाज होता तो, रस्त्यावरची माणसं थांबली. बाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि शेवटपर्यंत मान खाली घालून ऐकलं. मग हळूच म्हणाल्या, "लई मोठं मानूस वारलं वाटतं. कुठल्या गावचं हो?"

मी झेरॉक्सचं मशीन बंद केलं.

"वारलं न्हाई," कंट्रोलर म्हणाले. "आपल्या शिष्टर हायत."

"आपल्या शिष्टर? अगं बया! ह्या त्या न्हाईत."

"कावून न्हाईत?"

"शिष्टर कुठं असल्या ग्वाड हायत? त्या शिव्या देत्यात." आणि बाई हसायला लागल्या. "मी पैल्यांदा टोळीवर निघाले तवा पोटात लेकरू हुतं. ट्रॅक्टर सुरू झालेला. शिष्टर ट्रॉलीच्या फळीला धरून हुब्या. म्हनल्या, माझा फोन नंबर म्हन आधी, मग चढ. मी म्हनलं, मला लिव्हता-वाचता येत न्हाई. तर म्हनल्या, तोंड हाय का न्हाई? मुकादम वराडतोय, डायवर वराडतोय. शिष्टर म्हनल्या, तुमी दोघं बाळंत व्हनार असाल तर सोडते गाडी! धा येळा म्हनून घेतला माझ्याकडून, चुकलं की पुन्यांदा पैल्यापासून. मग चढू दिलं."

"आणि फोन करायची वेळ आली?" मी विचारलं.

"आली की. फडातच पोटात कळा सुरू झाल्या. आमच्या मालकाला काय सुचंना. फोन दुसऱ्याचा, नंबर माझ्या तोंडात. शिष्टरनी तिकडल्या दवाखान्यात फोन लावला, गाडी धाडली. पोरगं आता आठवीला हाय." त्यांनी झेरॉक्सचे पैसे ठेवले. "आमच्या समद्या बायांला पाठ हाय त्यो नंबर. देवाचं नाव इसरंल, त्यो न्हाई इसरत."

बाई गेल्या. कंट्रोलरचा चेहरा पार उतरला होता. मला वाटलं, आता म्हणतील, राहू द्या, काय समजतंय तिला. तुम्ही-आम्ही तेच म्हटलं असतं. त्यांनी फ्रेम उलटी केली आणि माझ्या टेबलावरच्या पकडीनं मागचे खिळे एकेक करून उपसले. त्र्याण्णव टक्क्यांचे चार तुकडे झाले.

"प्रेसवाले, चूक माझी हाय," ते म्हणाले. "माझ्या लिव्हन्यात त्यो लेखक वळखू यायला लागला, शिष्टर मागं राह्यल्या. कागद द्या."

तासाभरात नवं लिहून झालं. अकरा ओळी. निर्झर नाही, तारा नाही. मी टाइप केलं आणि सवयीनं हात त्या वेबसाइटकडे गेला. मी थबकलो. पण तेच पुढं वाकून म्हणाले, "बघा की. किती येतंय ते तरी बघू."

चक्र फिरलं. अडतीस टक्के. नाव असं आलं, की ते मीसुद्धा कधी ऐकलं नव्हतं.

"हे कोन?"

"माहीत नाही, काका."

त्यांनी ते नाव एकदा मोठ्यानं वाचलं. मग चेहरा उजळला. "चांगलं लिव्हत असंल बिचारं," ते म्हणाले. "छापा."

दुसऱ्या दिवशी मांडव भरून बाहेर माणसं उभी होती. पुढच्या सगळ्या सतरंज्या बायांनी धरल्या होत्या. प्रमुख पाहुणे पाऊण तास बोलले. त्यांनी सिस्टरना मातृशक्ती म्हटलं, दीपस्तंभ म्हटलं, आणि एकदा चुकून दुसऱ्याच गावच्या सिस्टर म्हटलं. सिस्टर स्टेजवर शाल पांघरून घामाघूम, पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. मी खांबाला टेकून उभा होतो. अकरा ओळींत नुसता ट्रॅक्टर आणि शिव्या होत्या, आणि फ्रेम हजार रुपयांची होती.

मग कंट्रोलर काठी टेकत माइकपाशी आले. फ्रेम सरपंचांच्या हातात, ह्यांच्या हातात हातानं लिहिलेला कागद. मांडवावर एक नजर फिरवली आणि नाव न सांगताच वाचायला लागले :

'दिवाळी झाली की ट्रॅक्टर निघतात. मुकादमाला घाई, ड्रायव्हरला घाई. ट्रॉलीची फळी धरून एक बाई उभी असते. ती म्हणते, नंबर म्हण आधी, मग चढ...'

पुढच्या सतरंजीवरून कुणीतरी फिसकन हसलं. दुसरी म्हणाली, "आगं, आपल्या शिष्टर!" आणि एका म्हातारीनं, काय वाटलं तिला कोण जाणे, खणखणीत आवाजात नंबर म्हणायला सुरुवात केली. तिसऱ्या आकड्याला शेजारचीनं सूर मिळवला. पाचव्याला ती सबंध ओळ. दहाव्या आकड्यापर्यंत मांडवातल्या सगळ्या बाया म्हणत होत्या, मांडीवर थाप देत, पाढे म्हटल्यासारखं. एक पोरगी मधेच चुकली, तर चौघी तिच्यावर ओरडल्या, "पैल्यापासून!" आणि पुन्हा सगळा मांडव पहिल्यापासून. पाहुणे उठून उभे राहिले. त्यांना वाटलं असावं, राष्ट्रगीताच्या आधीचं काहीतरी आहे.

तेवढ्यात मागच्या रांगेतल्या कुणीतरी, खात्री करायला म्हणा, हौसेनं म्हणा, तो नंबर आपल्या फोनवर लावला.

सिस्टरच्या पर्समध्ये फोन वाजला. मांडव एकदम गप्प. सिस्टरनी शाल बाजूला सारली, गडबडीनं फोन काढला, कोण आहे ते न बघताच कानाला लावला आणि आपल्या नेहमीच्या आवाजात खेकसल्या :

"हां, बोल लवकर. कितवा महिना?"

मांडव कोसळेल असा हशा उठला, आणि त्यातल्या निम्म्या बाया रडत होत्या. सिस्टरना आधी कळेना, मग कळलं, मग त्यांनी पदर तोंडाला लावला.

पुढच्या आठवड्यात कंट्रोलर पुण्याला गेले. तिथं चौथ्या मजल्यावर राहतात, खाली फारसे उतरत नाहीत, असं मुलगा सांगतो. पण मला ते त्या दुपारचेच दिसतात, माइकपाशी काठीवर भार देऊन उभे. अजून आठ ओळी वाचायच्या राहिल्या होत्या. ते हशा ओसरायची वाट बघत होते. तो ओसरेना, आणि बायांनी नंबर पुन्हा पहिल्यापासून धरला, तेव्हा त्यांनी तो कागद नीट घडी करून सदऱ्याच्या खिशात घातला, माइक बंद केला, आणि बायांबरोबर नंबर म्हणायला लागले.