अव्वाने सोडलेली भाकरी

रविवारी सकाळी मी भाजी घेऊन परत येते तेव्हा अव्वा खाटेवर बसलेली असते. त्या रविवारी खाट रिकामी होती, दारात तिची चप्पल नव्हती आणि नवरा पेपर वाचत बसला होता.

"अव्वा कुठंय?"

"चर्चला गेल्या," पेपर खाली न घेता तो म्हणाला.

मी भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर आलं. "शेजारच्या सिस्टरबाईंबरोबर, रिक्षाने. मला सांगून गेल्या की."

अव्वा म्हणजे माझी आई. माहेर अक्कलकोटकडचं, घरात निम्मी कानडी, म्हणून आईला अव्वा. आम्ही लिंगायत. अव्वाच्या गळ्यात लिंग आहे आणि ते तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय ती चहासुद्धा घेत नाही. ती चर्चला गेली हे वाक्य मला कुठल्याच खणात ठेवता येईना. मी गवार निवडायला घेतली आणि शेंगा टाकून देठं पातेल्यात ठेवली.

माझा धाकटा भाऊ झोपेतच गेला. त्यानंतर मी अव्वाला सोलापूरला माझ्याकडे आणलं. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाने काहीतरी सोडतात. त्याला आवडायचं ते आपण पुन्हा खायचं नाही. लोक हे धोरणाने करतात. माझ्या चुलत सासूने नवऱ्याच्या नावाने फणस सोडला, जो तिने जन्मात कधी तोंडात घातला नव्हता. अव्वाने मात्र भाकरी सोडली. भावाला तिच्या हातची कडक भाकरी लागायची, पापडासारखी वाजणारी. तेराव्याला सगळ्यांसमोर ती म्हणाली, "मी भाकरी सोडली," आणि कुणी काही बोलायच्या आत उठून आत गेली.

आमच्या भागात भाकरी सोडणं म्हणजे जेवण सोडणंच. भात तिच्या लेखी आजारी माणसाचं खाणं. चपातीचा चतकोर मोडायचा आणि "साकु" म्हणायचं, म्हणजे पुरे. मी आठवड्याचा तक्ता करून फ्रिजवर लावला. सोमवारी उपमा, मंगळवारी खिचडी, बुधवारी शिरा. तक्ता चांगला होता. अव्वाचे ब्लाउज मात्र खांद्यावरून घसरायला लागले, मी ते शिवून आत घेतले. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट ठीक आहेत, यांना जेवू घाला. या वयात असंच उतरत गेलं तर पुढे कठीण आहे, हेही म्हणाले. जेवू कसं घालायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

दुपारी अव्वा आली. गाल लाल झाले होते. मी दारातच गाठलं.

"तिथं कशाला गेली होतीस?"

"बघायला."

"काय बघायला?"

"ती लोकं देवाकडं भाकरी मागत्यात म्हणं. सिस्टरबाई म्हणाली. मला खरं वाटंना, म्हणून गेले." ती खाटेवर टेकली. "खरंच मागत्यात की गं. उभं ऱ्हाऊन, डोळं मिटून. रोजची भाकरी दे म्हणत्यात. आपण कदी मागितली? पोराला नोकरी मागितली, तुला स्थळ मागितलं. भाकरी न्हाय मागितली. आन मी तर सोडून बसले."

तिच्या तोंडून भाकरी हा शब्द मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. विचारायला जमवलेलं सगळं मी विसरले आणि पाणी आणायला आत गेले.

सिस्टरबाई म्हणजे निवृत्त नर्स. आमची कंपाउंडची भिंत सामाईक. दिवाळीला माझा डबा तिकडे, नाताळला त्यांच्या करंज्या इकडे. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीचं नाव मला पाठ आहे, पण त्या चर्चमध्ये जाऊन नक्की काय करतात हे इतक्या वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. याचंच मला त्या दिवशी जास्त नवल वाटलं.

अव्वा पुढच्याही रविवारी गेली. त्याच्या पुढच्याही. मी प्रश्न लिहून काढले. धर्म बदलावा लागतो का? गळ्यातलं लिंग काढायला सांगतात का? माहेरी भावजयीला कळलं तर काय सांगायचं? नवरा खांद्यावरून वाकून म्हणाला, "चपला कुठं काढायच्या तेही लिही." मी तेही लिहिलं.

मग एके दिवशी भिंतीवरून सिस्टरबाई म्हणाल्या, "या रविवारी प्रभुभोजन आहे. तुम्हीपण या, सगळं डोळ्यांनी बघून घ्या म्हणजे काळजी मिटेल."

मी फक्त भोजन ऐकलं. भोजनाला रिकाम्या हाताने जायची पद्धत आमच्यात नाही. प्रार्थनेत भाकरी, तर पंगतीत भाकरी असणारच, असा मी सरळ हिशेब केला. शनिवारी पीठ चाळलं आणि पंचवीसेक भाकऱ्या थापून तव्याच्या कडेला उभ्या करून कडक केल्या. शेंगदाण्याची चटणी कुटली. अव्वा खाटेवरून नुसतं ऐकत होती. थापण्याच्या आवाजावरूनच म्हणाली, "जाड झाली ती. कडंला दाब की."

रविवारी तिघी रिक्षाने निघालो, भाकऱ्यांचा मोठा डबा माझ्या मांडीवर. चर्चच्या दारात एक गृहस्थ हात जोडून म्हणाले, "सलाम." मला वाटलं चुकून दुसरीकडेच आलो. सिस्टरबाईंनी सांगितलं, आमच्यात असंच म्हणतात. चपला कुणीच काढत नव्हतं. अव्वाने काढल्या, मीही काढल्या, आणि दोघी अनवाणी बाकावर बसलो. बायकांनी पदर डोक्यावर घेतले होते, अगदी आमच्या मठात घेतात तसे. मला गिटार वगैरे असेल असं वाटलं होतं. तिथे पेटी होती, तबला होता, टाळही होते, आणि पहिल्याच गाण्याची चाल मला येत होती. आमच्याकडे श्रावणात त्याच चालीवर महादेवाचं म्हणतात. माझं तोंड आपोआप हलायला लागलं. मी ते बंद केलं.

मग ती प्रार्थना आली. सगळे उभे राहिले. एवढ्या माणसांनी एका आवाजात भाकरी मागितलेली मी पहिल्यांदा ऐकली. शेजारी अव्वाचेही ओठ हलत होते.

त्यानंतर पाळकसाहेबांनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनी, टेबलावरचं पांढरं फडकं उचललं. ताटात पावाचे नखाएवढे तुकडे होते आणि बाजूला बोटाच्या पेराएवढ्या पेल्यांत लाल रस. एवढंच. मी बाकाखालच्या डब्याकडे बघितलं. पंचवीस भाकऱ्या आणि चटणी. मी पायाने डबा आणखी आत सरकवला, तर तो फरशीवर केवढ्याने वाजला.

लोक रांगेने पुढे जायला लागले. माझं लक्ष डब्यावरच होतं, तेवढ्यात अव्वा उठली आणि रांगेत शिरली. मी तिचा पदर धरला. तिने तो शांतपणे सोडवून घेतला. माझा पहिल्या नंबरचा प्रश्न नऊवारी नेसून माझ्या डोळ्यांदेखत पुढे निघाला होता, आणि ओरडावं तर सगळं चर्च गप्प होतं.

अव्वा पाळकसाहेबांसमोर उभी राहिली. आपण तीर्थ घ्यायला धरतो तसा हात पुढे केला. गळ्यातलं लिंग स्पष्ट दिसत होतं. पाळकसाहेब वाकून तिच्या कानाशी काही बोलले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. मग ती परत आली. हात रिकामाच.

"न्हाय दिलं," ती कुजबुजली. "बाप्तिस्मा घेतलेल्यांनाच असतं म्हणाला. नीट सांगितलं की."

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. उलट मला राग आला. माझ्या आईला का नाही दिलं? तिने ते घेऊ नये म्हणून दोन मिनिटांपूर्वी पदर ओढणारी मीच होते. स्वतःचं इतकं आश्चर्य मला क्वचितच वाटलं असेल.

उपासना संपल्यावर अंगणात चहा होता. मी पाळकसाहेबांना लिंबाखाली गाठलं. साधा शर्ट-पँटमधला, माझ्याहून लहान माणूस.

"फादर, एक विचारायचं होतं."

"आमच्यात पाळक म्हणतात, ताई. विचारा ना."

"तुम्ही माझ्या आईला ख्रिस्ती करणार का?"

आजूबाजूचे दोन-तीन कप तोंडाशी थांबले. ते मात्र हसले. "त्यांनी विचारलं तर बोलू. गळ्यातलं काढा असंही कुणी म्हणणार नाही. पण त्या ते विचारतच नाहीत. गेल्या रविवारपासून म्हणतायत, एक विचारायचंय, लेक आली की विचारते."

अव्वा कप घेऊन पुढे आली. "तुमच्या त्या देवाची आई हुती न्हवं, पोरगं जाताना समोर?"

"होती, आजी. उभी होती."

"मग तिनं काय सोडलं?"

पाळकसाहेबांना कळलंच नाही. मी सोडण्याची पद्धत सांगितली, भावाचं सांगितलं, भाकरीचं सांगितलं. आठवडाभराचे तक्ते करताना मी भलतंच मोजत बसले होते. अव्वाच्या डोक्यात इतके दिवस हे चाललं होतं.

आता प्रवचन येणार, असं मला वाटलं. पण पाळकसाहेब म्हणाले, "ते लिहिलेलं नाही, आजी. मला माहीत नाही."

"काही सोडलं असं नाही लिहिलेलं," मागून सिस्टरबाई म्हणाल्या. "पण नंतर ती पोराच्या दोस्तांच्यात राहिली, त्यांच्याबरोबर प्रार्थनेला बसायची, एवढं आहे. आणि ती मंडळी रोज भाकर मोडायची."

"रोज?"

"रोज."

"मंजी तिला बी देत असतील."

"न देऊन सांगतात कुणाला? आईला उपाशी ठेवतील का?"

"तसा स्पष्ट उल्लेख..." पाळकसाहेबांनी सुरुवात केली.

"साहेब, तुम्ही चहा घ्या," सिस्टरबाई म्हणाल्या.

अव्वा माझ्याकडे वळली. "डबा काढ."

"अव्वा, अगं, इथलं भोजन म्हणजे तसलं नव्हतं, माझी चूक..."

"मला बी दिसलं की. डोळं हायत मला. काढ."

मी आतून डबा आणला. अव्वाने वरची भाकरी तळहातावर घेतली आणि मूठ मारली. तो आवाज मी तेराव्यानंतर ऐकला नव्हता. तिने पहिला तुकडा पाळकसाहेबांना दिला, मग सिस्टरबाईंना, मग पेटीवाल्यांना. "घ्या. मोडा की तुमी बी." लोकांनी चटणी घेतली, कुणी "लई झणझणीत" म्हणालं, कुणी दुसरी मागितली. पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं ते मात्र चटणीचंच होतं. डबा खाली जात होता. अव्वाच्या हातात शेवटी एक तुकडा उरला. तो तिने कपात बुडवला, कारण दात आता थोडेच आहेत. तोंडात घातला आणि झाडाकडे बघत चावत राहिली. बराच वेळ चावला. गिळला. डब्यातून दुसरा घेतला.

मी डब्याचं झाकण छातीशी धरून उभी होते. सिस्टरबाईंनी ते माझ्या हातातून हळूच काढून घेतलं.

त्याच संध्याकाळी मी उत्साहाने भाकरी टाकली आणि तिच्या ताटात वाढली. तिने ताट सरकवलं. "ब्याडा." नको.

"अव्वा, सकाळी खाल्लीस की!"

"तितं खाल्ली. घरातली सोडलीया. सोडलेलं परत घेत न्हाईत."

"तिथली म्हणजे मीच केलेली होती ना?"

"केली तू. दिली त्यांनी. मागून मिळालेली ती."

नवरा म्हणाला, "मग रोज मागू दे की." तो चेष्टेने म्हणाला होता. मी चेष्टेने घेतलं नाही.

आता आमचं असं चालतं. दुपारी मी भाकरी करते आणि भिंतीवरून सिस्टरबाईंकडे देते. अव्वा आधीच त्यांच्या पायरीवर जाऊन बसलेली असते. सिस्टरबाई डोळे मिटून प्रार्थना म्हणतात, अव्वा गळ्यातलं लिंग मुठीत धरून डोळे मिटते, आणि मग माझीच भाकरी सिस्टरबाईंच्या हातून तिच्या ताटात पडते. ब्लाउजची शिवण मी पुन्हा उसवली आहे. भावजयीला मी जसं घडलं तसं फोनवर सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "जेवतायत ना?" माझा पहिल्या नंबरचा प्रश्न अजून तसाच आहे, खोडलेला नाही. अव्वा रविवारी जाते, सोमवारी मठात जाते, आणि मी कधी कधी दोन्हीकडे जाते, कारण गाण्याची चाल येते.

काल मी भिंतीशी दुसरी भाकरी घेऊन उभी होते. पलीकडे प्रार्थना चालू होती, म्हणून थांबले होते. भाकरीने बोटं भाजत होती.

"आणलीस का गं?" डोळे मिटलेलेच ठेवून अव्वा पलीकडून ओरडली. "आज बी जाडच केलीयास. पातळ थाप की जरा!"