पहिल्या रांगेतले आमचे डॉक्टर

आपलंच म्हणणं खोटं ठरावं म्हणून आयुष्यभराचे रविवार खर्ची घालणारा माणूस पृथ्वीवर एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला डॉक्टर म्हणून आला. पुण्यात आपलं म्हणणं खरं करायला माणसं सख्ख्या भावाशी बोलणं सोडतात. मीही त्यातलाच. वायरच्या भावावरून मी एकदा बोहरी आळीत एका दुकानदाराच्या दारात भर उन्हात उभा राहिलो होतो. शेवटी त्यानेच कंटाळून मला आत बोलावलं आणि पंखा लावला. सायकलच्या कॅरियरला कर्णा बांधून मी धंदा सुरू केला आणि आज डॉक्टरांच्या मोठमोठ्या परिषदांना माइक, स्पीकर, पडदा माझा असतो. हे सगळं भांडून मिळवलेलं आहे. आमच्या डॉक्टरांपुढे मात्र माझी घासाघीस कधी चालली नाही. त्यांनी दवाखाना सोडू नये म्हणून मी जो सौदा करायला गेलो, तोही मी हरलो, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

त्यांचा दवाखाना कसबा पेठेत, अशा गल्लीत की पेशंट आणि मोटरसायकल समोरासमोर आले तर एकाला मागे जावं लागतं, आणि तो पेशंटच असतो. मी आधी त्याच गल्लीत राहत होतो, मग वाघोलीला फ्लॅट घेतला. तिथे इमारतीखालीच काचेचे दवाखाने आहेत, आत गेल्यावर थंडी वाजते. तरी ताप आला की मी अर्धं शहर ओलांडून कसब्यात येत असे. डॉक्टर मला ‘आवाजशेठ’ म्हणत, आणि हा मान माझ्या धंद्याला आहे की माझ्या भांडणांना, हे त्यांनी कधी स्पष्ट केलं नाही.

डॉक्टरांनाही शाळा असते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. पदवी मिळाली म्हणजे सुटका नाही. दर काही वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते आणि त्यासाठी व्याख्यानांना बसून क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. ही शाळा मी माझ्या आवाजाच्या कन्सोलमागे बसून वर्षानुवर्षं पाहतो आहे. सकाळी सही, मग चहा, एखादं व्याख्यान, मग फोन आल्यासारखं करून बाहेर, मग जेवण, गुलाबजाम, आणि त्यानंतर माझ्या स्पीकरचा आवाज रिकाम्या खुर्च्यांवर आपटून परत येतो. त्या उजाड सभागृहात पहिल्या रांगेच्या मधोमध आमचे डॉक्टर बसलेले असत, इस्त्रीच्या शर्टात, दहावीला बसल्यासारखे. त्यांचे पॉइंट केव्हाच भरून वाहत असत. व्याख्यान संपलं की ते उभे राहत आणि म्हणत, “मी पेठेतला साधा जनरल प्रॅक्टिशनर. मला समजेल असं पुन्हा सांगाल का?” मुंबईहून आलेले एक नामवंत हृदयरोगतज्ज्ञ त्यांना उत्तर देता देता व्यासपीठावरून खाली उतरले, खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसले, आणि मी शेवटी माइक बंद केला, दिवे मालवले, तरी दोघांना पत्ता नव्हता.

खरी मौज सोमवारी असे. रविवारच्या परिषदेत जे नवीन कळलं, त्यानुसार आपण आधी कोणाकोणाला चुकीचं सांगितलं ते आठवून डॉक्टर त्यांच्या घरी जात. दवाखान्यात बोलावत नसत, स्वतः जात. “चूक माझी, चालायचं त्यांनी का?” असा त्यांचा हिशेब. आमच्या जुन्या गल्लीतल्या तांबट आजी रोज एक रक्त पातळ करणारी गोळी देवाला हात जोडून घेत. त्यांना हृदयाचा काही आजार नव्हता, पुढे होऊ नये म्हणून गोळी चालू होती. एका सोमवारी डॉक्टर त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले आणि म्हणाले, “आजी, ही आता बंद. तुमच्या वयाला फायद्यापेक्षा धोका जास्त, असं आता कळलंय.” आजींनी विचारलं, मग इतकी वर्षं मी काय गिळत होते? “माझं अज्ञान,” डॉक्टर म्हणाले आणि आजींनी पुढे केलेला चहा घेतला. दुसऱ्या कोणी हे कबूल केलं असतं तर गल्लीने त्याला सोडलं नसतं. डॉक्टरांच्या दारात मात्र दुसऱ्या दिवशी रांग वाढली.

माझी तक्रार अंड्यांची आहे. कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून त्यांनी माझा पिवळा बलक बंद केला होता. कित्येक वर्षं मी पांढरं खाल्लं, रबर चावल्यासारखं, आणि समोर मुलं बलक खाताना पाहिली. मग एका सोमवारी स्वारी थेट वाघोलीला हजर. म्हणाले, बलकाबद्दलचं मत आता बरंच सौम्य झालंय, तुम्ही बेताने खायला हरकत नाही. मी खवळलो. मागच्या वर्षांच्या बलकांचं काय, असं मी विचारलं. “मागचं कोंबडीला विचारा,” असं म्हणून ते लिफ्टकडे चालू लागले. त्या वयात, बस बदलून, फक्त मला एक बलक परत करायला आलेला माणूस. मी रागाने दार लावलं आणि आत जाऊन एक अंडं उकडायला ठेवलं.

त्यानंतरच्या एका परिषदेत हृदयाचे आवाज ओळखायचं सत्र होतं. निरनिराळ्या छात्यांतले ठोके ध्वनिमुद्रित करून मोठ्या स्पीकरवर ऐकवायचे आणि दोष कोणता ते सांगायचं. या सत्राला मी माझे सगळ्यात चांगले स्पीकर आणतो, आणि दरवर्षी पहिला हात आमच्या डॉक्टरांचा वर जात असे. त्या दिवशी गेला नाही. दोन ठोक्यांच्या मध्ये गळक्या झडपेची बारीक फुंकर होती, मला कन्सोलमागेही ऐकू येत होती. डॉक्टर स्पीकरकडे पाहत राहिले, मग मागे वळून त्यांनी मला बोटाने खूण केली, वाढवा. मी वाढवला. पुन्हा खूण. मी आणखी वाढवला, मागच्यांनी कानांवर हात ठेवले. तिसऱ्यांदा खूण झाली तेव्हा मी नुसतं बटण फिरवल्याचं नाटक केलं. त्यांनी आभार मानल्यासारखी मान डोलावली. वयाबरोबर आधी बारीक आवाज जातात, हे आमच्या धंद्यात शिकवावं लागत नाही. हात वर केला तो त्यांच्या मागे बसलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी, आणि त्यांचं उत्तर बरोबर निघालं.

पंधरवड्यात बातमी आली की डॉक्टर दवाखाना त्याच बाईंना सोपवून निवृत्त होत आहेत. मी तसाच कसब्यात गेलो आणि भरल्या दवाखान्यात भांडायला उभा राहिलो. आधी म्हटलं, फक्त सकाळी बसा. मग म्हटलं, फक्त सर्दी-खोकला बघा. मग जुने पेशंट तेवढे बघा, आणि शेवटी, कोणी नको, मला एकट्याला बघा. आवाज मोठा करणारा स्टेथोस्कोप मिळतो, तो मी आणून देतो, असंही सांगितलं. तो त्यांनी वापरून पाहिला होता. “आवाज मोठा झाला म्हणजे स्पष्ट झाला असं नाही, हे तुम्हीच मला सांगितलंय,” ते म्हणाले. मग त्यांनी मला शर्टाची बटणं काढायला लावली, स्टेथोस्कोप माझ्याच कानात घातला आणि दुसरं टोक माझ्याच छातीवर टेकवलं.

“काय ऐकू येतंय?”

“ठोके.”

“दोन ठोक्यांच्या मध्ये?”

“काही नाही.”

“मलाही तिथे काही नाही ऐकू येत, आवाजशेठ. पण तुमच्या ‘काही नाही’चा अर्थ माणूस ठीक आहे. माझ्या ‘काही नाही’चा अर्थ मला आता कळत नाही. त्यावर मी कोणाला घरी जा म्हणून कसं सांगू?”

बाकावरचे पेशंट खाली पाहत होते. आयुष्यात पहिल्यांदाच मी समोरच्याचा पहिला भाव मान्य करून बाहेर पडलो, शर्टाची बटणं उघडीच होती.

बाई चांगल्या आहेत. घाई करत नाहीत, आणि माझ्याशी भांडतात. तक्रारीला जागा नाही, हीच तक्रार आहे.

डॉक्टर परिषदांना मात्र अजून येतात. आता ना नोंदणी, ना पेशंट. दाराशी बसलेली मुलगी पॉइंटसाठी नोंदणी क्रमांक विचारते, तेव्हा “पॉइंट कोणाला तरी वाटून टाका,” म्हणतात. पुढे बसून ऐकू येत नाही म्हणून मी त्यांना मागे माझ्या कन्सोलशेजारी खुर्ची देतो आणि माझे जाडजूड हेडफोन त्यांच्या कानांवर चढवतो. ते लावले की त्यांना स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहत नाही. परवा एक कोवळा डॉक्टर मधुमेहावर काहीतरी अगदी नवं सांगत होता, तर हे भर सभागृहात खड्या आवाजात मला म्हणाले, “बघा, आपल्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं.” सगळं सभागृह वळून पाहू लागलं. बोलणारा मुलगा थांबला, मग हसला आणि तोच मुद्दा त्याने पुन्हा, सावकाश सांगितला. माझ्या शेजारी कोणी कुजबुजलं तरी मी त्याला हाकलतो. पण ते ‘आपल्याला’ म्हणाले होते, म्हणजे मलाही धरून. मी हळूच म्हटलं, “नव्हतं सांगितलं, डॉक्टर.” त्यांना ते ऐकू आलं नाही. ते पुढे झुकून पडद्याकडे पाहत होते.