अग्नीपाशी कोण आहे?

गंगेकाठच्या मंगला गौरीच्या गल्लीत शरदिनीबाई दिसायच्या आधी ऐकू यायच्या. आधी खोकला, मग चपलांची फरफट, मग दम खायला भिंतीवर टेकलेला हात, आणि सगळ्यात शेवटी बाई. शेजारणी ओट्यावरून म्हणायच्या, "चाची, बैठ जाइए जरा."

"बसेन हो, पण मग उठवणार कोण?" असं म्हणून बाई हसायला जायच्या आणि हसण्याचाही खोकलाच व्हायचा.

त्यांचे यजमान ढुंढिराजशास्त्री अग्निहोत्री. नावाचे नव्हे, खरेखुरे. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्यांनी अग्नी घेतले आणि तेव्हापासून घराच्या मागच्या खोलीत अग्नीची तीन कुंडं कधी विझली नाहीत. सकाळ-संध्याकाळ दुधाची आहुती, दिवसभर गोवऱ्या सरकवून निखारा जिवंत ठेवणं. खोलीला खिडकी एकच, तीही गल्लीच्या भिंतीला तोंड करून. आणि यातली मेख अशी की हे काम एकट्या पुरुषाचं नाही. पत्नी नसेल तर अग्निहोत्र नाही. दोघांपैकी एकाने अग्नीपाशी राहायचंच. दोघं एकदम घर सोडून गेली तर अग्नी गेले म्हणून समजा. म्हणून चाळीसेक वर्षांत या जोडप्याने एकत्र रामनगरची रामलीला पाहिली नाही, की कुणाच्या लग्नात एका पंगतीत बसून जेवण केलं नाही. एक गेलं की दुसरं घरी.

बाईंना त्याचं दुःख नव्हतं, उलट तोराच होता. पुण्याहून, गोकर्णाहून लोक पाया पडायला यायचे ते शास्त्रीबुवांच्या आणि मग त्यांच्याही. सांगलीकडच्या एका कारकुनाची मुलगी, इथे येऊन अग्निहोत्रीणबाई झाली, हे काय थोडं होतं? आणि मेल्यावर चितेवरून हेच अग्नी आपल्याला नेतील, हे त्या असं सांगायच्या की जणू माहेरी न्यायला गाडी येणार आहे.

पण श्वास काही तोऱ्यावर चालत नाही. दोन वर्षं वैद्यांचे काढे झाले, कोपऱ्यावरच्या डॉक्टरचं लाल औषध झालं. पुढे पुढे पोळी लाटतानाही धाप लागू लागली. तेव्हा मुलगी बकुळ, मुलींच्या शाळेत शिकवायची, हट्टाला पेटली. "आई, बस झालं तुझं हे. चेस्टवाले डॉक्टरला दाखवायचंच. मी छुट्टी घेतलीय."

छुट्टी घेतली म्हणून काम होतं थोडंच! गल्लीतून मैदागिनच्या चौकापर्यंत बाईंना चालवत नेणं हेच मोठं दिव्य. मधे चार ठिकाणी लोकांच्या पायऱ्यांवर बसल्या, एकदा एक सांड वाट अडवून उभा राहिला, तेवढीच विश्रांती. तिथून रिक्षा, मग मोठ्या सरकारी इस्पितळात पर्चीची रांग, मग छातीच्या विभागाची रांग. आझमगढहून, बिहारातून आलेली माणसं फरशीवर चादरी टाकून पडली होती. सगळीकडे नुसतं खोकणं. बाईंना वाटलं, आपल्याला उगीच आणलं, आपण यांच्यापुढे ठणठणीत आहोत.

डॉक्टरीण तरुण होती, थकलेली होती, पण तुसडी नव्हती. नळीत फुंकायला लावलं, फोटो काढवला. मग विचारलं, "बीड़ी? तंबाकू? घर में कोई पीता है?"

"राम राम!" बाई म्हणाल्या.

"खाना किस पर बनता है? चूल्हा?"

"गैस।"

"और कोई धुआँ घर में?"

बकुळने तोंड उघडलं. बाईंनी टेबलाखाली तिची मांडी अशी चिमटली की पोरगी कळवळली. "नहीं," बाई म्हणाल्या. "कोई धुआँ नहीं।"

बाहेर आल्यावर बकुळ उसळली. "झूठ का बोललीस? डॉक्टरला सच नको सांगायला?"

"खोटं काय त्यात? तो धूर आहे का? तो अग्नी आहे."

पण मनात बाई पुरत्या जाणून होत्या. सांगितलं तर डॉक्टरीण एकच म्हणणार, बंद करा. आणि बंद करा म्हणजे काय, हे तिला कुठून कळणार? चूल नव्हती ती, की आज नाही पेटवली. ते ढुंढिराजशास्त्र्यांचं सगळं आयुष्य होतं. ज्या माणसाने बायकोच्या बाळंतपणात आणि बापाच्या आजारपणातही एक आहुती चुकवली नाही, त्याला जाऊन सांगायचं, माझ्या खोकल्यासाठी विझवा? बाईंच्या जिवावर आलं. बकुळला त्यांनी अंबाबाईची शपथ घातली, तिच्या अप्पांना यातलं अवाक्षर सांगायचं नाही म्हणून.

औषधं आली, ओढून घ्यायचा पंप आला. शास्त्रीबुवा रोज विचारायचे, "बरं वाटतंय का गं?" आणि बाई म्हणायच्या, "बरंय की." मग त्यांच्या शेजारी पाटावर बसायच्या.

श्रावणात गोवऱ्या दमट निघाल्या. खोली धुराने अशी भरली की शास्त्रीबुवांचेही डोळे वाहू लागले. आहुती झाली आणि बाई उठायला गेल्या त्या उठल्याच नाहीत. ओठ निळे पडले होते. शेजारच्या पोरांनी खुर्चीत घालून गल्लीतून धावत नेलं. शास्त्रीबुवा दारापर्यंत आले आणि उंबऱ्यापाशी थांबले. मागे अग्नी होते ना! त्यांचा चेहरा खुर्चीतून बाईंना दिसला, आणि त्याही अवस्थेत त्यांना नवऱ्याचीच कीव आली.

वॉर्डात नाकाला ऑक्सिजन लावला. दोन-चार दिवसांत बाई उशीला टेकून बसू लागल्या, आठवडाभरात संडासापर्यंत एकट्या जाऊ लागल्या. घरी शास्त्रीबुवा आजारपणापुरती सूट म्हणून बाईंच्या जागी दर्भाची मुष्टी ठेवून होम करत होते, असं बकुळ सांगायची. बाईंना ते ऐकून बरंही वाटायचं आणि कुठेतरी लागायचंही. एवढ्या वर्षांची आपली जागा, तिथे आता गवत!

एके सकाळी डॉक्टरीण पलंगाशी येऊन उभी राहिली. "अम्मा, यहाँ आप सुधर रही हैं। घर पर वही दवा थी, वहाँ बिगड़ती गईं। घर में है क्या, सच बताइए।"

बाईंनी डोळे मिटून जप सुरू केला. पण बकुळने शपथ पाळली ती फक्त बापाच्या बाबतीतली. डॉक्टरला सांगू नकोस असं कुठे म्हटलं होतं? पोरीने घडाघडा सगळं ओतलं, कुंडं, गोवऱ्या, बंद खिडकी, सगळं.  डॉक्टरीण हळूच म्हणाली, "जब तक वो आग है, मैं आपको उस घर नहीं भेज सकती। अगली बार यहाँ तक पहुँचेंगी भी नहीं।"

"मी त्या खोलीत बसले नाही तर होमच होत नाही," बाई मराठीतच म्हणाल्या. बकुळने भाषांतर केलं नाही. बाई तिच्याशी दिवसभर बोलल्या नाहीत. ती चिडून घरी निघून गेली आणि जाताना म्हणाली, "तुझी कसम गई गंगाजी में."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला, ऐन होमाच्या वेळी, वॉर्डाच्या दारात ढुंढिराजशास्त्री उभे दिसले. खांद्यावर उपरणं, हातात काहीच नाही. ओळीने पलंग न्याहाळत ते आले आणि बाईंच्या पायाशी थांबले.

"अहो, तुम्ही इथे? अग्नीपाशी कोण आहे?"

"कोणी नाही."

"म्हणजे?"

"सकाळची आहुती दिली. मग दूध शिंपडून शांत केले." शास्त्रीबुवा स्टुलावर बसले. "बकुळने सांगितलं मला. शरदिनी, तू गेलीस की तेच अग्नी तुझ्या चितेला लावायचे. मग रोज बसून मी जपत काय होतो?"

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. वाटलं, सुटले. आणि लगेच वाटलं, लुटले गेले. चाळीस वर्षं डोळे बाईंचेही चुरचुरले होते, कंबर बाईंचीही मोडली होती. नळीमागून त्या फणकारल्या, "कुणाला विचारून विझवलेत? अर्धे माझे होते ते!"

"विचारलं असतं, तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते!"

शास्त्रीबुवांनी मान हलवली. ही त्यांच्या हातांच्या कामाची वेळ. ते हात मांडीवर नुसते पडले होते. बाईंनी रागाने तोंड भिंतीकडे फिरवलं. मग भिंतीकडेच बघत त्यांनी विचारलं, "तुम्ही जेवलात का?"

"नाही," शास्त्रीबुवा म्हणाले. "आज घरी तूही नव्हतीस आणि अग्नीही नव्हते. भीती वाटली, म्हणून इकडे निघून आलो."