कट्ट्यावरची पथ्यं

आमच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून देणारा गवळी माणसांशी ओरडून बोलतो आणि म्हशीशी हळू. मी तपासणीहून आले की विचारतो, "डाक्टरीण काय म्हणाली, वैनी?" ती म्हणाली डाव्या कुशीवर झोपा, तर हा तासभर आपल्या गाभण म्हशीला डावीकडं कलंडवत बसला. धुरापासून लांब राहा म्हणाली, तर यानं गोठ्यातली डासांची धुरी बंद केली.

परवा माझ्या नवऱ्यानं कट्ट्यावर सिगारेट पेटवली. गवळी गरजला, "इझवा की ती! म्हस गाभण हाय, दिसंना व्हय?"

नवऱ्यानं ती लगेच विझवली, वर म्हशीला 'सॉरी'ही म्हटलं. शेजारी मी सातव्या महिन्याचं पोट घेऊन उभी. हेच त्याला पहिल्या महिन्यापासून सांगत होते.

आता घरात त्यानं काडी ओढली की मी म्हशीसारखी रेकते.