ओढ्याकाठचं रान

परवा बसवकल्याणला शेतीच्या औषधांच्या दुकानात तो उग्र, सडक्या लसणासारखा वास आला आणि संतपूरचं आमचं ओढ्याकाठचं रान आठवलं. सोयाबीनला मुळं खाणारी हुमणी अळी लागली होती, म्हणून माझ्या वडिलांनी, अप्पांनी, त्याच वासाचं दाणेदार औषध मातीत मिसळून वरून पाणी दिलं होतं. सकाळी अक्का आणि मी गेलो, तर रानभर गांडुळं वर येऊन उन्हात पिळवटत होती, आणि बघता बघता मरून पडत होती. "अप्पा, हे समदे कामून वर यायलेत?" अक्कानं विचारलं. "हुमणी मारायची तर हे बी मरणारच की," अप्पा मान वर न करता म्हणाले. पुढच्या वर्षी तिथं तूर पेरली. पावसाचं पाणी तसंच साचून राहिलं आणि तूर उभ्या उभ्या पिवळी पडून मेली. अप्पांनी कुदळ मारली, तर वर चिखल आणि वीतभर खाली माती कोरडी ठणठणीत. "पाण्याला खाली जायला वाट न्हाई. वाट करणारेच मारले मी," एवढंच ते बोलले, आणि पुन्हा त्या रानात गेले नाहीत. आता मी शेणखत घालतो, शेजारच्या मळ्यातली गांडुळं आणून सोडतो. ती टिकत नाहीत. यंदाही पाणी साचलंय, आणि ते उन्हानं आटेपर्यंत मी बांधावर नुसता उभा असतो.